एका दिवसाचे लंडन

मुलगा किंवा मुलगी लंडनला नोकरीला असते, आईवडील महिनाभर तिकडे जातात आणि मुलांची ऑफिसे सुरू असताना एखाद्या दिवशी दोघांनीच बाहेर पडायचे ठरते. कधी नवे जोडपे युरोपच्या दौऱ्यात एक मोकळा दिवस राखून ठेवते, तर कधी अमेरिकेच्या वाटेवर विमान बदलताना एक दिवस पदरात पडतो. अशा दिवसाची आखणी बहुतेक घरांत एकाच पद्धतीने होते. बिग बेन, बकिंगहॅम राजवाड्यासमोरची पहारेबदली, ब्रिटिश म्युझियम, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, लंडन आय, टॉवर ऑफ लंडन आणि जमलेच तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी, अशी नावे कागदावर उतरतात आणि त्यांतली जास्तीत जास्त संध्याकाळपर्यंत उरकायचे ठरते. दिवस एकच असेल तर ही पद्धत सोडून द्यावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्याऐवजी वेस्टमिन्स्टरच्या पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत थेम्स नदीच्या दक्षिण काठाने, थांबत, बसत, दिवसभर चालावे. हे अंतर साधारण पाच किलोमीटरचे आहे. लंडन इथेच का वसले, श्रीमंत कसे झाले, कशाने जळले, कशाने घाणीत बुडाले आणि पुन्हा कसे सावरले, हे एवढ्या पट्ट्यात सलग उलगडत जाते. कमी ठिकाणे पाहून शहर जास्त समजते, हा दावा प्रथमदर्शनी उलटा वाटेल. म्हणून त्याची कारणे सविस्तर मांडायला हवीत.

आधी वेळेचा हिशेब करू. वरच्या यादीतली ठिकाणे शहरभर विखुरलेली आहेत. मादाम तुसाँ बेकर स्ट्रीटजवळ, म्हणजे मध्य लंडनच्या वायव्य टोकाला, तर टॉवर ऑफ लंडन जुन्या शहराच्या पूर्व कडेला. दर दोन ठिकाणांमध्ये स्टेशनापर्यंत चालणे, सरकत्या जिन्यांनी खाली उतरणे, गाडी बदलणे, वर येऊन दिशा शोधणे आणि मग तिकिटाची किंवा तपासणीची रांग, हे सगळे येतेच. दिवसाचा मोठा भाग असा जमिनीखाली आणि रांगांत जातो. उरलेल्या वेळात काय हाती लागते, हे पाहायला ब्रिटिश म्युझियमचे उदाहरण घेऊ. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे ८० हजार, म्हणजे शंभरात एक, लोकांसाठी मांडलेल्या असतात. संग्रहालयातला माणूस एका कलाकृतीसमोर किती वेळ उभा राहतो, याची मोजणी जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी वेळ निघाला २७ सेकंद. या घाईच्या वेगानेही ब्रिटिश म्युझियममधली मांडलेली प्रत्येक वस्तू पाहायला ६०० तास लागतील. तेव्हा दीड तासात ‘ब्रिटिश म्युझियम झाले’ असे म्हणताना आपण दालनांतून चालून आलेलो असतो, एवढाच त्याचा अर्थ.

घाईत पाहिलेले डोक्यात किती राहते, हाही प्रश्न आहेच. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या निरखायला सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आठवण तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे लोकांना कमी आठवले. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन ज्यांनी फोटो काढला होता, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. याचा अर्थ दोष कॅमेऱ्याचा नाही. लक्ष कुठे तरी टिकावे लागते, मगच आठवण धरते. यादीचा दिवस नेमके हेच टिकू देत नाही, कारण पाहणाऱ्याचे अर्धे मन पुढच्या ठिकाणी पोहोचलेले असते. शिवाय एका ठिकाणाचा पुढच्याशी संबंध नसेल, तर आठवणीला धरायला धागाही उरत नाही. मेणाचा पुतळा, रोमन शिल्प आणि राजवाड्याचे फाटक ही तीन सुटी चित्रे म्हणून राहतात. नदीकाठी चालताना मात्र प्रत्येक गोष्ट मागच्या गोष्टीचे कारण सांगते किंवा पुढच्या गोष्टीची तयारी करते.

यादी करणारे चुकतात असे म्हणताना ती यादी कुठून आली, हेही पाहायला हवे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने लेस्टरहून लफबरोला, एका दारूबंदीच्या मेळाव्यासाठी, सुमारे पाचशे माणसे खास रेल्वेगाडीने नेली. भाडे होते माणशी एक शिलिंग. पुढे १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये महाप्रदर्शन भरले, तेव्हा त्याने दीड लाखाहून अधिक लोकांना राजधानीत आणले. ठरलेला खर्च, ठरलेली वेळ आणि ठरलेली ठिकाणे या व्यवस्थेमुळे साध्या कामगारालाही लंडन पाहता आले. हे त्या व्यवस्थेचे मोठे देणे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ती अनोळखी प्रदेशात शेकडो माणसे सांभाळून नेण्यासाठी घडली होती. दोनच माणसांनी, हातात नकाशा असलेला फोन असताना, तीच चौकट पाळण्याची गरज नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशानेही यादीला हातभार लावला. हॅरी बेक या आरेखकाचा १९३३ चा नकाशा सगळ्या जगाने उचलला, कारण तो सोपा होता. सोपेपणासाठी त्याने खरी अंतरे बाजूला ठेवली. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही त्या नकाशावरची दोन स्वतंत्र स्टेशने आहेत, प्रत्यक्षात त्यांच्यात तीनशे मीटरही अंतर नाही. नकाशाकडे पाहणाऱ्याला मात्र शहर म्हणजे रंगीत रेघांवरचे ठिपके वाटते आणि दोन ठिपक्यांमध्ये पाहण्यासारखे काही असेल, हे मनातच येत नाही.

मग नदीच का? कारण लंडन नदीमुळे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमनांनी ब्रिटन जिंकले, तेव्हा थेम्सवर पूल बांधता येईल आणि समुद्रातून येणारी जहाजेही पोहोचतील, अशा जागी त्यांनी वस्ती वसवली. आजचा लंडन ब्रिज त्याच परिसरात आहे. १२०९ मध्ये तिथे दगडी पूल पुरा झाला, त्याच्यावर घरे आणि दुकाने उभी राहिली आणि तो सहाशे वर्षांहून अधिक टिकला. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत शहराच्या मध्यभागी नदी ओलांडायला दुसरा पूल नव्हता. त्या काळात खरा हमरस्ता पाण्याचाच होता. म्हणून संसद, मोठमोठ्या उमरावांचे वाडे, किल्ला, गोदामे आणि नाटकगृहे सगळी काठाला धरून उभी राहिली. जुन्या पुलाच्या कमानी इतक्या अरुंद होत्या की पाणी अडून संथ व्हायचे आणि कडक हिवाळ्यात नदी गोठायची. त्या बर्फावर जत्रा भरायच्या, शेवटची १८१४ मध्ये भरली. पूल पाडला आणि पाणी मोकळे वाहू लागले, तशा त्या जत्राही संपल्या. आजही नदी स्थिर नाही. समुद्राच्या भरती-ओहोटीने लंडन ब्रिजपाशी पाणी दिवसातून दोनदा सात मीटरपर्यंत चढते आणि उतरते. सकाळी जिथे काठोकाठ पाणी असते, तिथे दुपारी दगडगोट्यांचा किनारा उघडा पडलेला दिसतो. एकाच काठावर दिवसभर राहणाऱ्यालाच हा बदल पाहता येतो.

चालायला वेस्टमिन्स्टरपासून सुरुवात करावी. समोरची संसदेची इमारत मध्ययुगीन वाटते, पण तिचा बहुतेक भाग १८३४ नंतरचा आहे. त्या वर्षी हिशेबासाठी वापरलेल्या जुन्या खाचांच्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना आग भडकली आणि संसद भरत असे त्या जुन्या राजवाड्याचा बहुतेक भाग भस्म झाला. चार्ल्स बॅरी आणि ऑगस्टस प्यूजिन यांनी आजची इमारत घडवली. साडेतेरा टनांहून जड असलेली बिग बेन ही घंटा १८५९ पासून वाजते आहे. ती वाजू लागण्याच्या आदल्या उन्हाळ्यात याच इमारतीत बसणे अशक्य झाले होते. सगळ्या शहराचे सांडपाणी थेम्समध्ये जात होते आणि १८५८ च्या उष्म्यात दुर्गंधी इतकी वाढली की संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. वर्षानुवर्षे रेंगाळलेला मलनिस्सारणाचा प्रश्न मग काही आठवड्यांत मार्गी लागला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली भुयारी गटारांचे जाळे बांधले आणि नदीत भराव घालून व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा काठ उभारला. तो १८७० मध्ये खुला झाला. त्याच्या पोटात मुख्य गटार आहे आणि भुयारी रेल्वेही. पूल ओलांडून पलीकडे गेले की हा काठ समोर दिसतो. तिथेच उजवीकडे, संसदेच्या अगदी समोरच्या भिंतीवर, कोविडने गेलेल्या माणसांसाठी २०२१ पासून हाताने रंगवलेली लाल हृदये आहेत, दोन लाखांहून अधिक, सुमारे अर्धा किलोमीटर. या भिंतीला तिकीट नाही आणि सहलींच्या यादीत ती सहसा नसते. राज्यकर्ते आणि नागरिक यांच्यातले नाते समजून घ्यायला मात्र याहून बोलकी जागा लंडनमध्ये शोधावी लागेल.

डावीकडे वळले की लंडन आय लागते. १३५ मीटर उंचीचे हे चाक २००० साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या पुढचा काठ मात्र जास्त निरखून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा भाग कारखान्यांचा आणि गोदामांचा होता, युद्धात त्यावर बाँब पडले. १९५१ मध्ये इथे ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरवले गेले आणि त्यातला रॉयल फेस्टिव्हल हॉल कायमचा राहिला. १९८३ पासून त्याची प्रशस्त दालने दिवसभर सर्वांना खुली आहेत. तिकीट न काढता आत जावे, बसावे, पाणी प्यावे, स्वच्छतागृह वापरावे. साठी उलटलेल्या जोडप्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार असतो. हा पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला तेव्हा पुरुष लढाईवर होते, त्यामुळे बांधकामावर बायका मोठ्या संख्येने राबल्या. म्हणूनच तो ‘लेडीज ब्रिज’ या नावानेही ओळखला जातो. आणखी पुढे कॉइन स्ट्रीटचा भाग लागतो. इथे टोलेजंग कार्यालये उभी करण्याचा बेत होता. रहिवाशांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि १९८४ मध्ये सुमारे तेरा एकर जागा दहा लाख पौंडांना विकत घेऊन तिथे सहकारी घरे, बाग आणि नदीकाठचा मोकळा रस्ता केला. आज पर्यटक ज्या फरसबंदीवर निवांत चालतो, ती निसर्गाने दिलेली नाही. गोदामे उठल्यावर काठ खासगी होऊ द्यायचा नाही, हा निर्णय लोकांनी आणि त्यांच्या संस्थांनी पुन्हा पुन्हा घेतला, म्हणून ती आहे. १९७७ मध्ये राणीच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त या भागात पदयात्रेचा मार्ग आखला गेला आणि १९९६ मध्ये थेम्सचा पायरस्ता राष्ट्रीय मार्ग म्हणून खुला झाला. शहराची ही बाजू तिकीटघरावर विकत मिळत नाही.

पाच-सात मिनिटे चालले की विटांची उंच चिमणी दिसते. हे टेट मॉडर्न, आधुनिक कलेचे संग्रहालय. मुळात हे बँकसाइडचे वीजघर. त्याचा वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे मघाशी ज्याच्या खालून आलो त्या वॉटर्लू पुलाचा रचनाकार, आणि लंडनचा तो प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही त्याचाच. एका माणसाच्या हातून शहराचा चेहरा कसा घडतो, हे अशा वाटेवर आपोआप लक्षात येते. वीजघर १९८१ मध्ये बंद पडले आणि २००० साली संग्रहालय म्हणून पुन्हा उघडले. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. समोर, पाण्यापलीकडे, सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट आहे. १६६६ च्या आगीत जुने कॅथीड्रल जळाले, क्रिस्टोफर रेनने १६७५ मध्ये नवे बांधायला घेतले आणि सुमारे पस्तीस वर्षांनी ते पुरे झाले. हा घुमट आजही नदीवरून मोकळा दिसतो, कारण १९३० च्या दशकापासून त्याच्या आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. दोहोंना जोडणारा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला, माणसांच्या पावलांनी डोलू लागला, दोनच दिवसांत बंद झाला आणि धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पलीकडे जाऊन घुमट जवळून पाहावा आणि परत यावे. शेजारीच शेक्सपिअरचे ग्लोब नाट्यगृह आहे. मूळ नाट्यगृह १५९९ चे. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीने त्याचे गवती छप्पर पेटले. आजची प्रतिकृती सॅम वॅनामेकर या अमेरिकी नटाने आयुष्याची वीसहून अधिक वर्षे खर्चून उभी करत आणली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये ती खुली झाली.

ग्लोबनंतर लागणाऱ्या बरो मार्केट या बाजारापासून पुढे ही वाट भारतीय वाचकाच्या इतिहासाला भिडते. लंडन ब्रिजच्या पलीकडचे हेज गॅलेरिया म्हणजे पूर्वीचा हेज धक्का. चहाची जहाजे इथे रिकामी होत. टॉवर ब्रिजच्या पुढे शॅड थेम्स नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या गोदामांना जोडणारे लोखंडी पूल अजून डोक्यावर आहेत आणि घरांमध्ये रूपांतर झालेल्या त्या इमारतींची नावे कार्डमम, क्लोव्ह, सिनमन अशी, म्हणजे वेलदोडा, लवंग, दालचिनी. पूर्वेकडून आलेला हा माल लंडनच्या संपत्तीचा पाया होता. ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी नदीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, लेडनहॉल स्ट्रीटवर होती. १८१८ मध्ये पेशवाई ज्या कंपनीने बुडवली, तिचे संचालक त्या इमारतीत बसत. आज तिथे लॉइड्स या विमा संस्थेची इमारत आहे. नदीपलीकडे दिसणारा टॉवर ऑफ लंडन अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधायला घेतला. पंजाब खालसा झाल्यावर, १८४९ मध्ये, दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतलेला कोहिनूर तिथेच राणीमातेच्या मुकुटात आहे. तो हिरा काचेआड पाहणे वेगळे आणि गोदामे, धक्के, कचेरी यांच्या ओळीत त्याची जागा ओळखणे वेगळे. दिवसभर नदीकाठाने आलेल्या माणसाला हे वैभव कोणत्या पाण्यावरून आले, हे समजलेले असते. १९६० नंतर मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागली, ती अजस्र जहाजे इतक्या आत येईनात, गोद्या एकामागून एक बंद पडल्या आणि काठ ओस पडला. म्हणूनच तो लोकांना चालायला मिळाला.

आता जोडप्याचा विचार करू. मराठीतले एक अत्यंत लोकप्रिय प्रवासवर्णन, पु. ल. देशपांडे यांचे १९६० चे ‘अपूर्वाई’, एका जोडप्याच्या प्रवासाचेच आहे. दोन माणसांच्या आवडी सहसा एक नसतात. एकाला चित्रे हवी असतात, दुसऱ्याला पूल कसा उचलला जातो हे पाहायचे असते. यादीच्या दिवसात हा फरक भांडणाचे कारण होतो, कारण एकाच्या ठिकाणासाठी दुसऱ्याचे ठिकाण कापावे लागते. सलग वाटेवर तसे होत नाही. एकाने टेट मॉडर्नमध्ये तासभर घालवावा, दुसऱ्याने ग्लोबची इमारत पाहावी किंवा पुस्तके चाळावीत आणि ठरल्या वेळी काठावरच्या बाकावर भेटावे. कोणाचेच काही बुडत नाही आणि भेटल्यावर सांगायला दोघांकडेही काही असते. घरात वर्षानुवर्षे जबाबदाऱ्यांचेच बोलणे होत आलेल्या नवरा-बायकोला चालता चालता, समोर दिसेल त्यावर बोलायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. गर्दीच्या भुयारी गाडीत आणि रांगेत ‘आता कुठे’ आणि ‘किती वाजले’ यापलीकडे संभाषण जात नाही. सोबत घरचा डबा असेल तर तो उघडायला नदीकाठी बाकांची वाण नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. व्हिसा, विमान, विमा यांवर लाखो रुपये घालून आयुष्यात एकदा जायचे आणि प्रसिद्ध ठिकाणे सोडायची? आक्षेप रास्त आहे, म्हणून काय सुटते आणि काय नाही हे नीट मोजावे. संसद, बिग बेन, लंडन आय, सेंट पॉल, ग्लोब, टॉवर ऑफ लंडन आणि टॉवर ब्रिज ही सगळी याच वाटेवर आहेत किंवा वाटेवरून समोर दिसतात. सुटतात ती बकिंगहॅम राजवाडा, ब्रिटिश म्युझियम, मादाम तुसाँ आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट. यांतला राजवाडा बहुधा बाहेरूनच पाहायचा असतो, खरेदीच्या वस्तू आता मुंबई-पुण्यातही मिळतात. ब्रिटिश म्युझियम सुटणे हे खरे नुकसान आहे. पण ज्याला ते मनापासून पाहायचे आहे, त्याने सगळा दिवस त्यालाच द्यावा, तिथल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपासून सुरुवात करावी. तेही एका धाग्याने पाहणेच होईल. दीड तासाच्या भेटीने नुकसान भरून निघत नाही, फक्त नाव यादीतून खोडले जाते.

दुसरा आक्षेप वयाचा आणि हवामानाचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाच किलोमीटर चालायला सांगणे निष्ठुरपणाचे वाटेल. पण यादीच्या दिवसातही भुयारी स्टेशनांतले जिने, बोगदे आणि संग्रहालयांची दालने मिळून पायपीट काही कमी होत नाही, ती मोजली जात नाही इतकेच. नदीकाठची वाट बहुतांशी सपाट आहे. शिवाय वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, सदर्क आणि लंडन ब्रिज ही ज्युबिली लाइनची चार स्टेशने या वाटेला समांतर आहेत आणि चारही ठिकाणी लिफ्टने या लाइनच्या फलाटापर्यंत जाता येते. थकवा आला तर तिथून घर गाठावे किंवा नदीतल्या प्रवासी बोटीने पुढचा टप्पा करावा. बोटीतून तीच वाट वेगळ्या कोनातून दिसते. पावसाची सर आलीच तर फेस्टिव्हल हॉल, टेट मॉडर्न आणि बरो मार्केट ही छपराखालची ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत. उजेडाचा विचार मात्र आधी करावा. जूनमध्ये लंडनला रात्री नऊच्या पुढे सूर्य मावळतो, डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच अंधार पडू लागतो. हिवाळ्यात सकाळी लवकर निघावे आणि टॉवर ब्रिजचे दिवे हा शेवटचा टप्पा धरावा.

तिसरा आक्षेप असा की माहितगाराशिवाय जुन्या भिंती म्हणजे नुसते दगड, त्यापेक्षा सहल कंपनीच्या बसमधून फिरणे बरे. भाषेची, शाकाहारी जेवणाची, वाट चुकण्याची धास्ती असलेल्या हजारो मराठी प्रवाशांना गटसहलींनीच परदेश दाखवला, हे खरे आहे. अनेक देश थोड्या दिवसांत पाहायचे असतील तर तीच व्यवस्था योग्य. पण एका शहरातल्या एका दिवसासाठी माहिती आदल्या रात्री दोघांनी मिळून तासभर वाचली तरी पुरते आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालताना वाट चुकण्याची भीती राहत नाही. चौथा आक्षेप जास्त मोलाचा आहे. आम्हाला थेम्समध्ये रस नाही, आमचे मन दुसरीकडे आहे, असे कोणी म्हणेल. तर त्याने आपला धागा धरावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडन पाहायचे असेल तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपासून निघावे, जिथे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला त्यांना डी.एस्सी. मिळाली. तिथून लिंकन्स इन फील्ड्समधून ते बॅरिस्टर झाले त्या ग्रेज इनकडे जावे आणि पुढे ज्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दिवसदिवस बसत, तिथे यावे. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. शेवटी १० किंग हेन्रीज रोडवरचे घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहत. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतले आणि त्याचे स्मारक केले. उपाशीपोटी अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याचे रोजचे शहर त्या वाटेवर कळते.

मोठे शहर एका दिवसात पाहून होत नाही, हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. ते मान्य केले की आखणी सोपी होते आणि मनावरचा भार उतरतो. कोणती वाट, वाटेत कोणत्या एका-दोन ठिकाणी आत जायचे आणि कुठे नुसते बसायचे, एवढे तीनच निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत. पॅरिसला सीनचा काठ, इस्तंबूलला बॉस्फरसच्या दोन्ही तीरांना जोडणाऱ्या बोटी, रोमला जुन्या सभाचौकापासून टायबरपर्यंतचा रस्ता, अशा वाटा प्रत्येक जुन्या शहरात आहेत, कारण शहरे वाटांवरच वाढली. अशा एका वाटेवर दिवस घालवणाऱ्या जोडप्याला शहराचा तुकडाच दिसतो, हे खरे. पण तो तुकडा त्यांना कारणांसह समजलेला असतो, दोघांनी मिळून पाहिलेला असतो, आणि पुन्हा कधी त्या शहरात जाणे झालेच तर पुढचे सारे शहर त्याला जोडून घेता येते.